एका दिवसाचा शिधा हातचा राखा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवरचा लेख वाचला आणि फार बरं वाटलं, कारण मराठी पेपरात या वाटेबद्दल एवढं सविस्तर मी पहिल्यांदाच वाचलं. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यं, साधारण ३,५०० किलोमीटर आणि बहुतेक सगळं जंगलातून. लेखकाने बूट, तंबू, सॅकचं वजन, पावसात भिजणं सगळं छान लिहिलंय. पण लेख संपला तरी हा माणूस इतके महिने खात काय होता आणि ते खाणं त्याच्यापर्यंत पोचत कसं होतं ते कुठे आलंच नाही, आणि ते राहून गेलं म्हणून हे पत्र.

मी २०२३ च्या वसंतात स्प्रिंगरपासून व्हर्जिनियातल्या डमॅस्कसपर्यंत चालले, साधारण ७५० किलोमीटर, ५२ दिवस. तेव्हापासून तिकडे शिकायला किंवा नोकरीला असलेली आपली मुलं कोणाकोणाकडून नंबर मिळवून मला फोन करतात, सुट्टीत यातला एखादा टप्पा करायचाय म्हणतात, आणि दहातले नऊ प्रश्न तंबू कुठला घ्यायचा आणि बूट कुठले यावर असतात. शिध्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, बघू, वाटेत मिळेल की काहीतरी. मिळतं, अगदी खरं आहे, पण कुठे, कुठल्या वारी आणि किती, हे माहीत नसेल तर सगळी ट्रिप दुकानाच्या दिशेने पळण्यात जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की या वाटेवर तुम्हाला जंगल किती बघायला मिळणार हे पिशवीत किती जेवण शिल्लक आहे त्यावर ठरतं. भटकंती आणि शिधा हे दोन वेगळे विषय समजून लोक प्लॅनिंग करतात आणि तिथेच चुकतात.

आधी वाट कशी आहे ते सांगते. ही वाट डोंगराच्या धारेवरून जाते, धारेवरून खिंडीत उतरते, खिंडीतून गाडीरस्ता आडवा जातो, रस्ता ओलांडला की परत चढ. दक्षिणेकडे या खिंडींना गॅप म्हणतात आणि नकाशात नावापुढे गॅप दिसलं की समजायचं, इथे बहुतेक रस्ता असेल आणि रस्त्याने खाली पाच-दहा किलोमीटरवर एखादं गाव असेल. म्हणजे बहुतेक भागात तीन ते पाच दिवसांनी कुठेतरी सामान भरता येतं. काही गावं तर वाटेवरच आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्जमध्ये ट्रेलची पांढरी खूण गावाच्या मेन रोडवर आहे, डमॅस्कसमध्येही तसंच. बेंटन मकाय नावाच्या वनखात्यात काम केलेल्या माणसाने १९२१ मध्ये या वाटेची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली, पण त्याच्या डोक्यातही निव्वळ पायवाट नव्हती, शहरातल्या दमलेल्या कामकऱ्यांनी डोंगरात यावं, राहावं, आणि वाटेला लागून छावण्या, शेतं, लहान वस्त्या असाव्यात असं त्याला वाटत होतं. सगळं तसं झालं नाही, तरी गाव आणि जंगल यांचं जोडलेपण या वाटेच्या मुळातच आहे.

त्यामुळे पाठीवर आठ-दहा दिवसांचं घेऊन निघायची काहीच गरज नसते आणि नवीन माणूस नेमकं तेच करतो. मीही केलं. हिशेब सोपा आहे, दिवसाला माणशी साधारण ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं खाणं लागतं, म्हणजे पाच दिवसांचे चार किलो, आठ दिवसांचे साडेसहा. मी स्प्रिंगरहून निघताना आठ दिवसांचं भरलं होतं आणि ५० किलोमीटरवर नील्स गॅपला पोचले तेव्हा निम्म्याहून जास्त तसंच होतं, कारण पहिल्या आठवड्यात भूकच लागत नाही, दमल्यामुळे रात्री चार घास खाऊन माणूस झोपतो. नील्स गॅपला ट्रेल एका जुन्या दगडी इमारतीच्या मधूनच जातो, तिथे सामानाचं दुकान आहे, आणि लोक तिथल्या बाकांवर सॅक उपडी करून काय परत पाठवायचं ते ठरवत बसलेले असतात. माझ्या शेजारी एक तरुण मुलगा डाळीचे सीलबंद पुडे मांडून बसला होता, त्याच्या आईने घरी वाळवून दिलेले, टाकवत नव्हते आणि उचलवतही नव्हते. आम्ही दोघांनी मिळून त्यातले दोन तिथेच शिजवून खाल्ले.

भूक येते ती तिसऱ्या आठवड्यात. आणि मग काय येते महाराजा! दिवसाला चार हजार कॅलरी घालवणारं शरीर झोपेतून उठवून खायला मागतं. तेव्हा वजनाकडे बघण्यापेक्षा स्निग्धाकडे बघायला शिकावं लागतं, कारण एक ग्रॅम तेलातुपात नऊ कॅलरी आणि एक ग्रॅम भाता-पास्त्यात चार. शेंगदाण्याचं बटर, ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली, बदाम-अक्रोड, चीज, यावर ट्रेलवरचे लोक जगतात ते चवीपेक्षा या गणितामुळे. पहिल्या दोन आठवड्यांचा अंदाज धरून पुढच्या दीड महिन्याचे खोके आधीच भरून ठेवले की हमखास कमी पडतं.

आता स्मोकीजचं सांगते, कारण तिथलं मला अजून लागतं. फोंटाना डॅमपासून ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क सुरू होतं, पार्कातून ट्रेल साधारण ११५ किलोमीटर जातो आणि मध्ये न्यूफाउंड गॅपला एकच मोठा रस्ता आहे जिथून खाली गॅटलिनबर्गला जाता येतं. मी फोंटानाहून मोजून चार दिवसांचं घेतलं, एक ग्रॅम जास्त नाही, मला त्या काटेकोरपणाचा अभिमानसुद्धा वाटत होता. दोन दिवस धो धो पाऊस लागला, अंतर झालं नाही, चौथ्या दिवशी सकाळी पिशवीत एक ओट्सचं पाकीट आणि मूठभर मनुका. मे महिना सुरू होता, जमिनीवर ट्रिलियमची पांढरी फुलं पसरलेली, झाडांना शेवाळं इतकं की हात लावला तर पाणी निथळत होतं. याच डोंगरात सॅलॅमँडरच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या, ओलाव्यात राहणाऱ्या उभयचराच्या, ३० जाती आहेत, दक्षिण अ‍ॅपलाचियन म्हणजे सॅलॅमँडरसाठी जगात नावाजलेली जागा, ओल्या दगडाशेजारी नुसतं दहा मिनिटं शांत बसलं तरी दिसतो. मी दहा मिनिटं बसले नाही. कुवोही, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला क्लिंगमन्स डोम म्हणायचे ते शिखर, अख्ख्या ट्रेलवरची सगळ्यात उंच जागा, २,०२५ मीटर, तिथला मनोरा वाटेला अगदी लागून आहे आणि मी तो चढले नाही, कारण अजून १३ किलोमीटर चालून रस्ता गाठायचा होता आणि पोटात काही नव्हतं. ढग होते, दिसलं नसतं काही, असं लोक मला समजावतात. पण थांबायची सोयच नव्हती ही गोष्ट ढगांनी बदलत नाही ना.

आधी पोटोबा मग विठोबा हे मला तिथे पुरतं कळलं.

दुसरी गोष्ट पोस्टाची. तिकडे अशी सोय आहे की आपण आपल्याच नावाने गावच्या पोस्टात खोकं पाठवायचं, वर जनरल डिलिव्हरी लिहायचं, आणि ओळखपत्र दाखवून सोडवून घ्यायचं. फार उपयोगी सोय आहे, विशेषतः पथ्य असणाऱ्यांना किंवा गावात दुकानच नसेल तिथे. पण पोस्टाला रविवारी सुट्टी असते आणि लहान गावात शनिवारी खिडकी उघडी असली तर जेमतेम दोन-तीन तास. मी टेनेसीतल्या एका छोट्या गावात शनिवारी दुपारी धापा टाकत पोचले तर पोस्ट बंद झालेलं. रविवार सुट्टी. आणि सोमवार होता २९ मे, मेमोरियल डे, मे महिन्याचा शेवटचा सोमवार, सरकारी सुट्टी, जी मी कॅलेंडरवर बघितलीच नव्हती. म्हणजे काचेच्या दाराआड माझं सहा दिवसांचं जेवण आणि बाहेर मी, मंगळवार सकाळपर्यंत. गावात किराणा दुकान नाही, एका पेट्रोल पंपावर चिप्स आणि गोड पाव मिळत होते तेवढंच.

तिथे मला हायकर बॉक्सने वाचवलं. ट्रेलजवळच्या गावांत जिथे ट्रेकर मुक्कामाला थांबतात तिथे बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात एक खोकं ठेवलेलं असतं, ज्याला जे नको ते त्यात टाकायचं आणि ज्याला जे हवं ते त्यातून घ्यायचं, कुठे नोंद नाही की पैसे नाहीत. त्या दिवशी त्यात ट्यूनाची दोन पाकिटं, अर्धी बरणी शेंगदाण्याचं बटर, रबरबँड लावलेली कुसकुसची पिशवी, बरेच ओट्स आणि कोणीतरी मार्करने फक्त मीठ एवढंच लिहिलेली पुडी होती. मी तिथे बसून ते सगळं नीट लावलं, ओलं झालेलं काढून टाकलं, आणि लागेल तेवढंच घेतलं. दुसऱ्या दिवशी एक आजी आणि त्यांचा नातू तिथे आले, त्यांच्याकडे टोर्टियाचं मोठं पाकीट जास्तीचं होतं, ते त्यांनी बॉक्समध्ये न टाकता थेट माझ्या हातात दिलं. मंगळवारी खोकं सोडवलं तेव्हा माझ्याकडे सहा दिवसांचं खोक्यातलं आणि वर जवळजवळ दीड दिवसाचं हे असं मिळालेलं. पुढचा सगळा टप्पा सहा दिवसांचा.

आणि संपादकसाहेब, तो दीड दिवस मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त देऊन गेला.

ट्रेलवर मुख्य वाटेची खूण पांढरी असते, झाडाच्या खोडावर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पट्टी. फाट्याची खूण निळी. निळी पट्टी म्हणजे झरा, निवारा, एखादा धबधबा नाहीतर कडा. ज्याचं जेवण मोजून असतं तो निळी पट्टी फक्त पाण्यासाठी आणि झोपण्यासाठी बघतो. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा निळ्या पट्टीमागे उगाच गेले, वाट वाकडी करून, आज इथेच राहिलं तरी चालेल हे माहीत असल्यामुळे. अशाच एका फाट्यावर मला चेस्टनट दिसलं. अमेरिकन चेस्टनट म्हणजे एके काळी या डोंगरांचं मुख्य झाड, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्या बुरशीची रोगराई पसरली आणि पुढच्या काही दशकांत तीन-चार अब्ज झाडं मेली असं सांगतात. पण मुळं मेली नाहीत. जुन्या बुंध्यातून अजून कोंब येतात, मनगटाएवढे जाड होईपर्यंत वाढतात, मग साल चिरते, बुरशी परत धरते आणि कोंब मरतो, आणि मूळ पुन्हा नवा कोंब काढतं. माझ्यापुढे तसाच एक होता, माझ्या डोक्याच्या दीडपट उंच. पान लांबट, कडेला करवतीसारखे दाते आणि प्रत्येक दात टोकाशी किंचित वळलेला, खाली सालीवर चीर पडलेली आणि चिरेभोवती बारीक बारीक केशरी ठिपके. ते ठिपके म्हणजेच ती बुरशी. वरची पानं मात्र हिरवीगार. मी तिथे सॅक काढून अर्धा तास बसले, बुंध्याभोवतीचे मेलेले जुने कोंब मोजले, सात होते. मुख्य वाटेवरून तेवढ्या वेळात चार-पाच जण खाली मान घालून झपाझप गेले, त्यातल्या एकाला मी ओळखत होते, त्याला रात्रीपर्यंत रस्ता गाठायचा होता, सकाळपासून तो चिप्सवर होता.

म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते की टप्प्याचे दिवस मोजा आणि त्यावर एक दिवस हातचा ठेवा, आठशे ग्रॅमने कोणाची पाठ मोडत नाही. तंबूचे दोनशे ग्रॅम वाचवायला लोक वाटेल तेवढे डॉलर मोजतात आणि जेवणाचे आठशे ग्रॅम जड वाटतात, हे मला पटत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. अस्वलं आहेत, काळी, आणि त्यांना तुमच्यापेक्षा तुमच्या पिशवीत जास्त रस असतो, त्यामुळे रात्री खाणं तंबूत ठेवायचं नाही, स्मोकीजमध्ये निवाऱ्यांजवळ पिशवी वर टांगायला तारा आहेत, आणि जॉर्जियात ब्लड माउंटनच्या भागात १ मार्च ते १ जून मुक्काम करायचा असेल तर अस्वलाला न उघडणारा कडक डबा सक्तीचा आहे. निवाऱ्यात उंदीर असतात, ते अस्वलापेक्षा जास्त नुकसान करतात. गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, तो तिकडेच घ्यावा लागतो, म्हणून पहिला थांबा गॅस मिळणारा हवा. पाणी गाळूनच प्यायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी, आणि जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, कारण निवाऱ्यांमधून पोटाची साथ फार लवकर पसरते, नुसत्या सॅनिटायझरने ती थांबत नाही.

खोक्यांबद्दल मात्र अजून थोडं बोलायचंय. पुष्कळ जण सगळा शिधा शहरातल्या मोठ्या दुकानातून एकदम घेऊन सगळीकडे पोस्टाने पाठवतात. जिथे दुकान नाही तिथे पाठवा की, पण जिथे आहे तिथे गावातच घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाचा पाऊस या डोंगरांवर झाला तेव्हा हॉट स्प्रिंग्ज आणि डमॅस्कस दोन्ही गावांत पुराचं पाणी शिरलं, ट्रेलवर झाडं इतकी पडली की शेकडो किलोमीटर वाट कित्येक दिवस बंद ठेवावी लागली. डमॅस्कसमध्ये मी ज्या रस्त्यावरून सॅक घेऊन शेवटची चालत आले त्या गावाचे फोटो फोनवर बघताना मला रडू आलं. झाडं कापायला, वाट परत काढायला स्वयंसेवक गेले, या ट्रेलची देखभाल तीसेक क्लबांतली माणसं बिनपगारी करतात, आणि गावातल्या दुकानदारांनी चिखल उपसून दुकानं परत उभी केली. आपण तिथे घेतलेलं एक पावाचं पाकीट आणि एक चीज त्यांच्या दृष्टीने सीझनची कमाई असते. निघायच्या आधी हार्पर्स फेरीला ज्यांचं मुख्य ऑफिस आहे त्या अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्वन्सी या संस्थेच्या सूचना बघाव्यात, कुठला भाग बंद, कुठे वळसा आहे ते त्यात असतं, आणि वळसा म्हणजे परत शिध्याचा हिशेब बदलला.

एमा गेटवुड यांचा उल्लेख तुमच्या लेखात दोन ओळींत आला. १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी या बाई एकट्या हा पूर्ण ट्रेल चालल्या, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी. एवढ्याशा सामानाचं सगळ्यांना कौतुक वाटतं आणि वाटायलाच हवं. पण त्यांची पिशवी हलकी राहू शकली याला एक कारण हेही होतं की त्या वाटेवरच्या घरांची दारं ठोठवायच्या आणि अनोळखी लोक त्यांना जेवायला, झोपायला द्यायचे. कोणी दिलं नाही तर पानांच्या ढिगाऱ्यावर झोपायच्या. ते लोकही त्या गोष्टीत आहेत, त्यांना वगळून नुसतं पिशवीचं वजन सांगितलं तर वाचणाऱ्या मुलांना वाटतं हलकं सामान हेच सगळं.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी कोणी ट्रेकर लेख घेऊन आला तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा, कुठे कुठे सामान भरलं आणि कुठल्या टप्प्यावर संपलं. त्याच्या उत्तरातून कोणाची तरी ट्रिप वाचेल. आणि शक्य झालं तर लेखासोबत छोटा नकाशा छापा, त्यात गावं दाखवा.

ट्रेलच्या अगदी उत्तर टोकाला, मेनमधल्या मॉन्सन गावानंतर, साधारण १६० किलोमीटरचा असा पट्टा आहे की त्यात एकही गाव नाही, त्याला हंड्रेड माइल विल्डरनेस म्हणतात. तिथे सुरुवातीलाच पाटी आहे, किमान दहा दिवसांचा शिधा सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नका अशी. चांगले चालणारे हा पट्टा सहा-सात दिवसांतही करतात. या ऑगस्टच्या शेवटी मी मॉन्सनहून निघणार आहे, यादी लिहून झाली आहे, आणि मी अकरा दिवसांचं घेणार आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक